फक्त माहिती

"या आठवड्यात ते पाणी पुसू नका," ब्रिन म्हणाली, आणि लायल ब्रेझिनाचा मॉप अर्ध्या फरशीवर थांबला. तिनं हे अगदी सहज, जाता जाता, कुणी खिडकी उघडी राहू द्या म्हणावं तसं म्हटलं होतं. दुसऱ्या मजल्यावर, लायब्ररीच्या दारासमोर, मार्चमध्ये छपरावरचा बर्फ वितळायला लागला की दरवर्षी पाणी झिरपायचं. छताचे दोन चौकोन कॉफी सांडल्यासारखे पिवळे पडायचे. लायल मुलं यायच्या आत फरशी कोरडी करायचा, चौकोन काढून नवे बसवायचा, आणि आठच्या घंटेला तिथं काही झालं होतं याची खूण उरायची नाही. "मुलं घसरतील," तो म्हणाला. "पिवळी पाटी ठेवा ना. शनिवारी लोक इमारत बघायला येणार आहेत. आपण खोटं काहीच करत नाही आहोत, लायल. आहे ते फक्त झाकायचं नाही, एवढंच." बरं, असं म्हणून तो बादली उचलून जिना उतरला. तळघरात बॉयलरच्या खोलीत शिरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपले कान तापलेत. कुणी रागावलं नव्हतं. तरी भर वर्गात उभं केल्यासारखं वाटत होतं.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यातली एकतीस वर्षं त्यानं लिंडग्रेन शाळेची देखभाल केली होती. या कामाचं त्याचं स्वतःचं एक गणित होतं: आपलं नाव जितक्या कमी लोकांच्या तोंडी येईल तितकं काम चांगलं. इमारत सांभाळणाऱ्याची आठवण लोकांना येते ती काहीतरी फुटल्यावर, तुंबल्यावर, गार पडल्यावर. जिथं तो येऊन गेला तिथं तो आला नव्हता असं वाटलं पाहिजे. आता एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी मार्शल बेंडच्या लोकांसमोर सार्वमत होतं. नव्या शाळेसाठी घरपट्टी वाढू द्यायची की नाही, हो किंवा नाही. दोन वर्षांपूर्वी लोकांनी नाही म्हटलं होतं. नदीकाठची कागदाची गिरणी बंद पडल्यापासून गावात म्हातारी माणसं जास्त आणि मुलं कमी झाली होती, आणि म्हाताऱ्यांचं म्हणणं सरळ होतं की आम्ही शिकलो त्याच इमारतीत, मेलो का? म्हणून शाळा-मंडळानं या खेपेला ब्रिन हॉलरला नेमलं. तिचं काम कर भरणाऱ्या लोकांशी बोलणं. तिशीची, नेहमी घाईत, गाडीत जेवणारी ही मुलगी लायलला आवडायची, कारण ती बुटांवरचा बर्फ दारातच झाडायची. पण तिनं आज जे सांगितलं त्यात त्याची एकतीस वर्षं उलटी टांगली गेली होती. जे लपवण्यासाठी पगार मिळाला, ते आता दाखवायचं होतं.

बुधवारी तिनं त्याला एक कार्ड आणून दिलं. पोस्टकार्डाएवढं, वर शाळेचं चिन्ह, खाली चार वाक्यं. हा बॉयलर १९५८ सालचा आहे. त्याचे सुटे भाग आता बाजारात मिळत नाहीत. तज्ज्ञांच्या अहवालानुसार त्याचं अपेक्षित आयुष्य संपलं आहे. अधिक माहितीसाठी पत्रकावरचा पत्ता पाहा. लायलनं चष्मा लावून दोनदा वाचलं. ब्रिननं सांगितलं की शनिवारच्या फेरीत तळघरापाशी लोक आले की त्यानं एवढंच बोलायचं. पुढं काही विचारलं तर मला विचारा म्हणायचं. कारण कायदा असा आहे की शाळेनं लोकांच्या पैशानं लोकांना मतं मागायची नाहीत. माहिती द्यायची, फक्त माहिती. पहिल्या मसुद्यात तिनं 'धोकादायक' लिहिलं होतं, ते वकिलानं खोडलं. 'कृपया' लिहिलं होतं, तेही खोडलं. "कृपया म्हणजे विनवणी झाली म्हणे," ती हसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "मी अकरा पत्रकं काढली, लायल. लोक ती टपालपेटी ते कचऱ्याचा डबा एवढ्या अंतरात वाचतात. सुपरिंटेंडंटबाई बोलल्या तर त्यांच्या पगाराची आठवण होते. तुम्ही बोललात तर ऐकतील. तुमच्यावर गावाचा विश्वास आहे." तिच्या डोळ्यांत खरीखुरी आशा होती, आणि ती त्या लहान खोलीत वाफेसारखी त्याच्या अंगावर आली. तो म्हणाला, "भाग मिळत नाहीत हे खरं आहे. पण मी बनवतो ते. घरी लेथ मशीन आहे माझ्याकडे." "ते नका सांगू," ब्रिन म्हणाली. "म्हणजे, सांगू नका असं मी म्हणू शकत नाही. पण कार्डावर ते नाहीये."

तीन दिवस तो ते कार्ड खिशात घेऊन फिरला. चारही वाक्यं खरी होती आणि चारही मिळून काहीतरी खोटं उभं राहत होतं, आणि ते काय हे त्याला नेमकं धरता येत नव्हतं. रोज सकाळी सहाला येऊन तो पहिल्यांदा बॉयलरच्या अंगावरची काचेची उभी नळी बघायचा. नळीतलं पाणी मध्यावर हवं. मग खालची चावी उघडून गाळ सोडायचा, म्हणजे आतला तरंगता गोळा मोकळा राहतो. पाणी खाली गेलं की तो गोळा खाली येतो आणि आग आपोआप बंद होते. गोळा गाळात अडकला तर पाणी संपतं आणि आग चालूच राहते. सुट्टीच्या दिवशीही तो यायचा. रविवारी चर्चला जाण्याआधी यायचा, ख्रिसमसला यायचा, हरणांच्या शिकारीच्या आठवड्यात सगळे उत्तरेला जंगलात जायचे तेव्हाही हा दुपारी बाराला शाळेच्या मागच्या दारानं आत शिरायचा. बायको मार्लीस गमतीनं म्हणायची की तळघरात लायलची दुसरी बाई आहे, लोखंडी आहे पण गरम आहे. तो हसायचा. चार वर्षं तो तसाच हसत होता, आणि चार वर्षांत एकदाही नळीतलं पाणी बघताना त्याच्या पोटात खड्डा पडला नाही असं झालं नव्हतं.

चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मार्लीसच्या पोटात गाठ निघाली होती. गुरुवारी ऑपरेशन, तेही चाळीस मैलांवर, आणि त्या आठवड्यात लायल इस्पितळातून शाळेत, शाळेतून इस्पितळात असा गाडी हाकत होता. रस्त्यावर बर्फ, डोक्यात काही नाही. गाळ सोडायचा राहिला. किती दिवस राहिला ते त्याला आजही सांगता आलं नसतं. चार असतील, सहा असतील. शनिवारी वरच्या व्यायामशाळेत मुलींचे बास्केटबॉलचे सामने होते, चौथी-पाचवीच्या पोरी, साठेक जणी, शिवाय आईबाप, आज्या, घरून आणलेल्या खाण्याचं टेबल. तो दुपारी दीडला आला तो फक्त अर्ध्या तासासाठी. जिन्यातच वास आला. रंग जळाल्यासारखा, कोरडा, नाकात टोचणारा. खोलीत शिरला तर आग नेहमीसारखी घुमत होती आणि नळी रिकामी होती. नळीत पाणी नाही. नुसती काच. दार तापून त्यावरचा करडा रंग फुगला होता. हातानं डोक्याच्या आधी विचार केला, आणि हात गेला पाणी सोडायच्या व्हॉल्व्हच्या चाकाकडे. पाणी नाही तर पाणी घालायचं, कुठल्याही माणसाचा हात तेच करेल. चाकाला त्यानं धरलंही. आणि तेव्हा, तरुणपणी एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं शिकवलेलं कुठूनतरी वर आलं, की लाल तापलेल्या कोरड्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं तर त्याची एका क्षणात वाफ होते, आणि मग बॉयलर जागेवर राहत नाही, वर जातो. वर म्हणजे व्यायामशाळाच होती. छतातून चेंडूचे ठोके येत होते, बुटांच्या रबरी तळव्यांच्या किंचाळ्या येत होत्या, कुणीतरी शिट्टी फुंकत होतं.

त्यानं आगीचा स्विच बंद केला असता आणि गोष्ट तिथं संपली असती तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. त्यानं चाक सोडलं आणि तो पळाला. जिन्याकडे नाही, वर मुलींकडे नाही. खोलीच्या मागच्या बाजूला, कोळशाच्या दिवसांपासूनचं जे लोखंडी दार थेट अंगणात उघडतं, त्या दारानं तो बाहेर पडला आणि बर्फात उभा राहिला. समोर मोकळं मैदान होतं, पांढरं, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. आपण पंधरा पावलं दूर आलो आहोत हे त्यानं आपल्याच पावलांकडे मागे वळून बघून ओळखलं. तिथं तो किती वेळ उभा होता? दहा सेकंद असतील. एक मिनिट असेल. आत घुमणारी आग ऐकू येत होती, आणि वर लोक टाळ्या वाजवत होते. मग तो परत गेला. स्विच खाली ओढला. आग विझली. पाणी घातलं नाही. भिंतीला टेकून बसला आणि लोखंड आकसताना टिक टिक वाजतं ते ऐकत राहिला, आणि तेव्हाच कधीतरी त्याचा मित्र डेनिस टेस्की जिन्यात येऊन ओरडला की अरे ब्रेझिना, वर गारठ्यानं पोरींची दातखीळ बसायला लागली, झोपलास काय? लायल वर गेला. बर्नर विझला होता, म्हणाला, लागेल परत. टेस्कीची नात त्या दिवशी खेळत होती. त्यानं कागदी बशीतलं अर्धं सॉसेज लायलपुढे केलं आणि मार्लीस कशी आहे विचारलं. लायलनं ते सॉसेज खाल्लं. रविवारी एकट्यानं येऊन त्यानं गोळा काढला, साफ केला, पाणी थोडं थोडं भरलं, दोन नळ्यांची तोंडं गळत होती ती स्वतः ठोकून बसवली, दार पुन्हा करडं रंगवलं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती हे खरं, पण कारण ते नव्हतं. सांगायला घेतलं असतं तर ते पंधरा पावलांपर्यंत सांगावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी दहाला बावीस माणसं आली. ब्रिननं दारात कॉफी आणि क्रिंगल हा गोड पाव ठेवला होता. तोही मंडळाच्या खर्चानं नाही, तिच्या स्वतःच्या, कारण वकील. लोकांनी कोटांच्या गुंड्या न सोडता सगळं बघितलं. लायब्ररीसमोरचं पाणी बघितलं. ते आता चांगलं जेवणाच्या टेबलाएवढं झालं होतं आणि त्यात पिवळी पाटी उभी होती, आणि लायलला ती पाटी आपल्याच गळ्यात अडकवल्यासारखी वाटली. एका म्हातारीनं, जिच्या तिन्ही मुलांची ओकारी त्यानं कधी ना कधी पुसली होती, त्याच्याकडे बघून मान हलवली. दया होती ती, की तक्रार, कळलं नाही. मग सगळे तळघरात आले. खोली लहान, माणसं दाटीवाटीनं उभी, सगळ्यांच्या कोटांना ओल्या लोकरीचा वास. सगळ्यात पुढे टेस्की. करवाढीविरुद्ध 'आता पुरे' असं लिहिलेल्या पाट्या गावभर अंगणांत लागल्या होत्या, त्या यानंच रंगवल्या होत्या. गिरणीत तीस वर्षं काढलेला माणूस, लायलचा शाळेपासूनचा मित्र. दर शुक्रवारी दोघं बायकांना घेऊन टॅव्हर्नमध्ये मासे खायला जायचे आणि मग पत्ते खेळायचे. सार्वमताचा विषय त्या टेबलावर काढायचा नाही असं मार्लीसनं ठरवून दिलं होतं.

लायलनं कार्ड काढलं. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर आपला आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. चौथं वाचून त्यानं वर बघितलं. कुणी हललं नाही. सगळ्यांना आणखी काहीतरी हवं होतं आणि ते कार्डावर नव्हतं. टेस्की म्हणाला, "ते खिशात ठेव. ते हिनं लिहिलंय, मला वाचता येतं. तू सांग. हे धूड अजून दहा वर्षं चालेल का?" ब्रिन पुढे सरकून म्हणाली की तांत्रिक प्रश्नांची उत्तरं अहवालात आहेत. टेस्की तिच्याकडे न बघताच म्हणाला, "बाई, मी ह्याला विचारतोय. ह्यानं चालेल म्हटलं तर मी नाही म्हणून मत देईन, नाही चालणार म्हटलं तर हो म्हणून. पाट्यासुद्धा काढीन. बोल लायल." मागे कुणीतरी, हो, बोला, असं म्हणालं. बॉयलर त्याच्या पाठीशी घुमत होता. चालेल, हे उत्तर त्याच्या जिभेवर होतं. चालेल, मी आहे तोपर्यंत. गेली एकतीस वर्षं या उत्तराचाच त्याला पगार होता आणि अभिमानही. मग त्याला वाटलं, मी आहे म्हणजे काय? मी म्हणजे रोज सहा वाजता न विसरणारा एक माणूस. आणि मी विसरलो आहे. चारही वाक्यांत मिळून जे खोटं उभं राहत होतं ते हे होतं. त्यांत म्हातारा होता तो फक्त बॉयलर.

"मी विसरलो नाही तर चालेल," तो म्हणाला. "एकदा विसरलो होतो." आणि मग त्यानं सांगितलं. तारखेसकट सांगितलं. नळी, वास, फुगलेला रंग, चाकावरचा हात, छतातून येणारे ठोके. सांगताना त्याची नजर टेस्कीच्या कोटाच्या दुसऱ्या गुंडीवर होती. हात चाकावरून काढला, इथवर आला, आणि पुढचं वाक्य म्हणून त्यानं "मग मी स्विच बंद केला" असं म्हटलं. ती पंधरा पावलं दोन वाक्यांच्या मधल्या फटीत गेली, आणि फट मिटली. मार्लीसच्या ऑपरेशनचंही तो बोलला नाही. विसरलो, एवढंच म्हणाला. पंप चालू झाल्यावर दोघंतिघं दचकले. ब्रिनचा चेहरा पांढरा पडला होता. टेस्कीनं टोपी काढली, तिच्या आत काही लिहिलेलं असावं तसं बघितलं, आणि हळू म्हणाला, "त्या दिवशी मी वर होतो." "माहितीये," लायल म्हणाला. "माझी नात होती." "माहितीये." "तू माझ्यासमोर उभा राहून सॉसेज खाल्लंस." टेस्की गर्दीतून वाट काढत जिना चढून निघून गेला.

पुढचे तीन आठवडे लायल घरात होता. सोमवारी सरकारी तपासनीस आला, शाळा दोन दिवस बंद राहिली, आणि मोटलबाईंनी, म्हणजे सुपरिंटेंडंटनी, फोनवर अतिशय सभ्य आवाजात त्याला मतदान होईपर्यंत भरपगारी रजेवर जायला सांगितलं. गावात त्याच्या नावाचे दोन लायल तयार झाले. हो म्हणणाऱ्या पालकांनी स्वतःच्या पैशानं एक पत्रक काढलं, त्यावर व्यायामशाळेतल्या मुलींचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की एका माणसानं साठ मुली वाचवल्या, दर वेळी तो तिथं असेलच का? गावच्या साप्ताहिकानंही तेच छापलं, न डगमगता वगैरे शब्द घालून. तो शब्द लायलनं सकाळच्या कॉफीबरोबर वाचला आणि पेपर घडी करून खाली ठेवला. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी तक्रार केली की हे सगळं त्या हॉलर बाईनं पढवलेलं नाटक आहे, लोकांना घाबरवून मतं काढायचं. ब्रिनला वकिलासमोर दोन तास बसावं लागलं. तिनं नंतर फोन केला. ओरडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती फक्त म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला ते बोलू दिलं नसतं. म्हणून नाही ना सांगितलंत?" तो नाही म्हणाला. मग तिनं सांगितलं की बॉयलरवर दुसरा एक सुरक्षा-स्विच बसवला, गजरासकट. पाणी खाली गेलं की आग बंद होते आणि कुणी हातानं कळ दाबल्याशिवाय परत लागतच नाही. एक मेकॅनिक आला होता. जेवणानंतर सुरू केलं आणि शाळा सुटायच्या आत तो गेलाही.

फोन ठेवल्यावर लायल बराच वेळ स्वयंपाकघरात उभा राहिला. जेवणानंतर सुरू केलं आणि शाळा सुटायच्या आत झालं. चार वर्षं, रोज सकाळी सहा, ख्रिसमस, रविवार. आणि त्याच्या बदल्यात एका अनोळखी माणसाची एक दुपार. त्यानं त्या जानेवारीत तोंड उघडलं असतं तर त्याच आठवड्यात झालं असतं ते. ही गोष्ट टेस्कीच्याही कानावर गेली. दोन दिवसांनी गावात नव्या पाट्या लागल्या: बॉयलर दुरुस्त झाला, एका दुपारात. खाली लहान अक्षरांत: ज्यांना चार वर्षं कळलं नाही, त्यांच्या हाती आणखी पैसे द्यायचे? लायलनं गाडी थांबवून ती पाटी पूर्ण वाचली. त्याला राग येईना. टेस्कीचं चुकलं कुठं ते त्याला दाखवता आलं नसतं. छप्पर गळतंच होतं, तारा जुन्या होत्याच, वर्ग अपुरे होते, पण ते सगळं त्याच्या एका वाक्याच्या मागे झाकलं गेलं होतं.

मार्लीस त्या शनिवारपासून त्याच्याशी नेमकं बोलत होती. म्हणजे मीठ दे, बर्फ पडतोय, लेकीचा, टॅमीचा फोन होता. एका दुपारी ती केस कापून आली, कोट न काढता खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "त्या बायका तिथं बोलत होत्या, की विसरलाच कसा, पिऊन होता की काय. मी ऐकत होते. तारीख ऐकली आणि बोटांवर मोजलं. मला गुरुवारी कापलं होतं. शनिवारी तू चारला आलास. तुझ्या हातांना जळका वास होता आणि मला वाटलं, इस्पितळाचाच आहे." लायलनं हात टेबलाखाली घेतले. "तू मला त्या दिवशी पाद्रीबाबांचा तो विनोद सांगितलास," ती म्हणाली. "मला टाके होते, मला हसू नको म्हणून नर्स रागावली. मी चार वर्षं तो विनोद लोकांना सांगतेय, लायल." तो म्हणाला की तुझ्यावर यायला नको होतं ते. "माझ्यावर आलंच की. रॅपिड सिटीला टॅमीकडे चार वर्षांत एकदाही गेलो नाही. तिला वाटतं, तुला तिचा नवरा पटत नाही. मलाही तसंच वाटायचं." तिनं कोट काढला, खुंटीला लावला, आणि पाठमोरीच म्हणाली, "विसरलास त्याचं काही नाही. माणूस विसरतो. पण तू माझ्या उशाशी बसून हसत होतास."

मतदान अग्निशमन दलाच्या शेडमध्ये होतं. दोघं दुपारी गेले. रांगेत सहा माणसं पुढे टेस्की होता. त्यानं मागे वळून बघितलं, मार्लीसला टोपी उचलून मान दिली आणि पुन्हा पुढे बघितलं. मतपत्रिकेवरचा प्रश्न अकरा ओळींचा होता आणि त्यात एकही माणूस नव्हता. लायलनं 'हो'च्या पुढचा गोल भरला, अगदी कडेपर्यंत, बाहेर न जाऊ देता. एकशे चार मतांनी 'नाही' जिंकलं. ब्रिननं दुसऱ्या दिवशी शाळेच्या वतीनं दोन ओळींचं निवेदन काढलं, लोकांनी वेळ काढून मत दिल्याबद्दल आभार, आणि मे महिन्यात ती दुसऱ्या गावच्या नोकरीवर जाणार असल्याचं लायलला दुसऱ्याकडून कळलं. मोटलबाईंनी त्याला परत बोलावलं. तो गेला. नव्या स्विचवर हिरवा दिवा होता. सवयीनं त्यानं काचेच्या नळीत पाणी बघितलं, मध्यावर होतं, आणि पोटातल्या खड्ड्याची वाट बघत उभा राहिला. तो पडला, नेहमीइतकाच. दिव्याचा त्याला काही उपयोग झाला नव्हता.

ईस्टरच्या सुट्टीत ते रॅपिड सिटीला निघाले. गाडी मार्लीस चालवत होती. तिनं किल्ल्या मागितल्या आणि त्यानं दिल्या. मिसिसिपी ओलांडल्यावर सपाट प्रदेश सुरू झाला, शेतांत अजून जुना बर्फ पट्ट्यापट्ट्यांनी पडलेला, दोन्हीकडे काही नाही. ते पांढरं मैदान खिडकीतून मागे जात राहिलं. लायलनं काच दोन बोटं खाली केली, परत वर केली. मार्लीस म्हणाली, "गाडी थांबवू?" तो नको म्हणाला. मग म्हणाला, "मी लोकांना सगळं नाही सांगितलं." ती रस्त्याकडे बघत राहिली. त्यानं दाराचं सांगितलं. चाक सोडलं, स्विच तीन पावलांवर होता, जिना उजव्या हाताला होता, आणि आपण मागच्या दारानं बाहेर पळालो. पंधरा पावलं होती, मागे वळून बघितलं तेव्हा. वर पोरी होत्या, टेस्की होता, सगळे होते, आणि त्यातलं कुणीही त्या वेळी आपल्या डोक्यात नव्हतं. तूही नव्हतीस, तो म्हणाला. कुणीच नव्हतं. नुसतं दूर जायचं होतं. हे सांगताना त्याचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, आणि आता ती काय म्हणेल याची त्याला जितकी भीती वाटली तितकी त्या बर्फातही वाटली नव्हती.

एक ट्रक समोरून आला आणि गेला. गाडी किंचित हलली.

"किती वेळ होतास बाहेर?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. मला खरंच माहीत नाही, मार्लीस."

"आणि मग?"

"मग परत गेलो."

पुढचा फाटा गेला, त्याच्या पुढचा गेला. लायल तिच्या हातांकडे बघत होता; ते स्टिअरिंगवर घट्ट होते, सांध्यांवर पांढरे झाले होते, आणि सैल होत नव्हते.

"कोट होता अंगात?" ती म्हणाली.

"नव्हता."

"शून्याच्या वीस खाली होतं त्या दिवशी," ती म्हणाली. तिचा आवाज मध्येच कुठंतरी चिरला, आणि तिनं गाडीचा वेग कमी करून, पट्ट्याबाहेर घेऊन, रस्त्याकडेला उभी केली.